एकशिंग्याचा पोळा

माझ्या कामात खोट काढणाऱ्याला मी हातातला पाना फेकून मारतो, हे नंदुरबारच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेशनरोडला माझं गॅरेज आहे, दोधू मिस्तरी म्हटलं की मिरच्यांचे व्यापारीसुद्धा दोन बोटं दाखवून रस्ता सांगतात, आणि वर हेही सांगतात की बाबा, जरा जपून बोल, माणूस तिखट आहे. आता मिरचीच्या गावात राहून गोड कसा असणार? काम चोख करतो, दाम सांगतो तेवढाच घेतो, ऐकून मात्र कुणाचं घेत नाही. एकाचंच ऐकून घेतलं. दहा वर्षं घेतलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

तेव्हा आमच्याकडे, म्हणजे पश्चिम खानदेशात, तापीवर पूल नव्हता. पावसाळा लागला की अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. पूर यायचा तो असा दबकत यायचा की खालच्या गावांना पाणी ओट्याला लागल्यावरच कळायचं. म्हणून सरकारने एका साली सावळखेड्याच्या काठावर एक जीप आणून उभी केली. लढाईतली जुनी विलीज, चारही चाकं ओढणारी, काळ्या मातीच्या चिखलात बैल बसले तरी ही बसायची नाही. तिच्यात वायरलेसचा संच. वर पाणी चढताना दिसलं की जीपमधून खालच्या चौकीला सांगायचं, आणि चौकीवाल्याने नगारा वाजवून गावं खाली करायची. चौकी तापीच्या पलीकडे, बोरवळ नावाच्या गावाजवळ. बोरवळ नदीच्या वळणात, अगदी खोलगट जागी वसलेलं.

संच आला, पण एरियल बसवायचं कुणी? संच चालवायला दिलवरसिंग गिरासे म्हणून शहाद्याकडचा माणूस नेमला होता, फौजेतून आलेला, मिशीला पीळ आणि बोलणं मोजकं. तो जीप घेऊन माझ्या दारात आला. गाडी चालवत होता उखा.

उखा सावळखेड्याचाच. घर शेतीचं, पण भावाभावांची वाटणी झाली आणि बैलजोडी थोरल्याकडे गेली. ते उखाच्या फार जिव्हारी लागलं होतं. जमीन कमी आली त्याचं काही नाही, बैल गेले याचं दुःख. मग मोटार शिकला आणि सरकारी जीपवर ड्रायव्हर लागला. माझी त्याची ओळख तेवढ्यातच झाली आणि अशी जुळली की दर बाजारच्या दिवशी चहा माझ्याकडे.

मी मागच्या डाव्या कोपऱ्यात छिद्रं पाडायला घेतली. पत्रा असा कडक की ड्रिलचं पातं करकरायला लागलं. उखा बाजूला उभा, दात आवळून, जणू त्याच्याच मांडीत भोक पडतंय.

"जरा सांभायीसन रे मिस्तरी. गाडीले दुखी."

"तुला दुखतंय का गाडीला? जा, तिकडे बस."

"मी नही बठाव. तू हानशी तिले."

मी आतून जाड पट्टी दिली, बाहेरून लोखंडी खुर्ची, म्हणजे काठीची बैठक, बसवली, खुर्चीवर चिनी मातीचं पांढरं बूड, बुडावर स्प्रिंग, आणि स्प्रिंगमध्ये एरियलची पोलादी काठी, तुकडे पिळून पिळून जोडलेली, घराच्या आढ्याहून उंच. बाभळीखालून जाताना टोक पुढे वाकवून बंपरला दोरीने बांधायचं. दिलवरसिंगने आम्हा दोघांना बजावून सांगितलं, "हे बघा, काठी आणि गाडी यांची भेट होता कामा नये. लोखंडाला लोखंड लागलं की आवाज जमिनीत जातो, बाहेर जात नाही. मधली चिनी माती आहे म्हणून सगळं आहे. काठीला तार लागू द्यायची नाही, फांदी लागू द्यायची नाही, पत्रा लागू द्यायचा नाही." पावसाचं पाणी त्या बुडावर साचू नये म्हणून मी जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्यावर टोपीसारखा घट्ट बांधला. झकास काम झालं होतं. आजही सांगतो, तसं काम मुंबईत कुणी केलं नसतं.

काठी उभी राहिली तेव्हा उखा चार पावलं मागे गेला आणि हसायलाच लागला. "मायवं! हाई तं शिंग शे! एक शिंगना बैल." त्या दिवसापासून जीपचं नाव एकशिंग्या पडलं. दिलवरसिंगसुद्धा कधीकधी म्हणायचा, आज एकशिंग्याची बॅटरी उतरली.

पहिल्यांदा बोलून बघायला मीही नदीवर गेलो. दिलवरसिंगने कानाला लावलं, बटण दाबलं, खालच्या चौकीला हाक दिली. खरखर, खरखर, आणि मग पलीकडून माणसाचा आवाज. स्वच्छ. उखाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, खेड्यातला माणूस आहे, नवल वाटलं असेल. तसं नव्हतं.

"मन्ही रूपली तठेच शे," तो म्हणाला. "बोरवळले."

रूपली त्याची एकुलती एक लेक. दोन वर्षांमागे बोरवळला दिली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली, झोके घेतले, गाणी म्हटली, आणि रडत रडत होडीने परत गेली. बोरवळ खोलगट आहे म्हणून उखाची बायको दगूबाई लग्नाच्या वेळी अडून बसली होती, पोर पाण्याच्या तोंडी देऊ नका म्हणून. उखाने ऐकलं नव्हतं. घर चांगलं होतं, जावई चांगला होता. तेव्हापासून दर पावसाळ्यात नवराबायकोची त्याच गोष्टीवरून जुंपायची. आता ही जीप आली, हे एरियल आलं, आणि उखा घरी जाऊन छाती काढून म्हणाला, आता तापी कितीबी येऊ दे, रूपलीले आमी पह्यले सांगसूत. दगूबाई त्या दिवसापासून निवांत झोपायला लागली. हे तिनेच मला सांगितलं होतं.

मग पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याला बैलाची काय ऐट असते, ते खानदेशी माणसाला सांगायला नको. आदल्या संध्याकाळी हळद-लोणी, सकाळी नदीवर अंघोळ, शिंगांना हिंगूळ, शिंगांच्या बुडाशी चकचकीत बेगड, गोंडे, झूल, पुरणपोळीचा घास. उखाची दावण रिकामी. भावाच्या दारात ढोल वाजतोय आणि हा आपल्या ओट्यावर बसलेला. कुणाचंही काळीज तुटेल. उठला आणि गेला जीपकडे. एकशिंग्याला अंघोळ घातली, बॉनेटला हळद लावली, काचेभोवती झेंडूची माळ, काठीच्या शेंड्याला लाल गोंडा. दगूबाईने पुरणपोळीचा घास रेडिएटरच्या जाळीला लावला. गाव हसलं, पण पोरंसोरं खूश झाली, आणि एकशिंग्या बैलांच्या मागोमाग वेशीपर्यंत मिरवून आला.

दिलवरसिंग सणाला घरी गेला होता, तो संध्याकाळी परतला आणि भडकला. "उखा, हे काय लग्न मांडलंस? काढ आधी सगळं! गोंडा काढ, माळ काढ!" उखाने मुकाट्याने गोंडा काढला, माळ काढली. दिलवरसिंगने काठी वरपासून खालपर्यंत बघितली. काठी मोकळी होती. ट्यूबची टोपी जिथल्या तिथे बांधलेली होती.

टोपीच्या आत बेगड होती.

शिंगाला बेगड कुठे लावतात? बुडाशी. उखाने टोपी सोडून ती पांढऱ्या बुडाला, वर काठीपासून खाली खुर्चीपर्यंत, खळीने छान गुंडाळून बसवली होती, आणि पावसाने खराब होऊ नये म्हणून टोपी पुन्हा बांधली होती. बेगड म्हणजे त्याच्या लेखी चमकी कागद. तार नाही, फांदी नाही, पत्रा नाही. ती कथलाचा पातळ पत्राच असते हे त्याला कुणी सांगितलं होतं? आणि गोंडा काढला तरी बेगड का नाही काढली म्हणाल, तर आमच्याकडे पोळ्याची बेगड कुणी हाताने काढत नाही. उन्हापावसाने आपोआप झडेल तेव्हा झडेल. खरवडून काढली तर बैलाला दुखणं लागतं म्हणतात. उखा आपल्या बैलाला दुखणं कसं लावील?

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. सकाळी उजाडलं तेच वरून लोंढा घेऊन. वर पूर्व खानदेशात दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि तापी लालभडक होऊन, झाडं घेऊन उतरली. दिलवरसिंगने खालच्या चौकीला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. संचावरचा काटा हलेना. त्याने बॅटरी बघितली, तारा बघितल्या, संच उघडून पुसला. सगळं धड. मग त्याने घोड्यावर माणूस पिटाळला, दोधू मिस्तरीला घेऊन ये.

मी पोचेपर्यंत दुपार झाली. वाटेत नाल्याला कंबरभर पाणी, घोडा बिचकायला लागला, मी शिव्या घालत उतरून त्याला ओढत नेला. काठावर गेलो तर समोर नदी नव्हतीच, नुसतं धावणारं शेत. उखा जीपमध्ये बसून ॲक्सिलरेटर दाबत होता. बॅटरीला करंट मिळावा म्हणून दिलवरसिंगने त्याला इंजिन चालू ठेवायला सांगितलं होतं. सकाळपासून तो तसाच दाबून बसला होता आणि तोंडाने एकच, "गाव खाली करा म्हना. रूपलीले बाहेर काढा म्हना. लागना का? लागना का?" मला बघितलं तसा ओरडला, "दोधू, लवकर कर रे! मन्ही पोर तठे शे!"

मी मागे गेलो. बोल्ट घट्ट, खुर्ची घट्ट. टोपीची गाठ बघितली, ती माझी नव्हती. मी बांधतो ती गाठ वेगळी. टोपी वर सरकवली आणि खाली ती बेगड, ओली, चकचकीत, हिरव्या-लाल रंगाची, किती हौसेने लावलेली! दिलवरसिंग शेजारीच वाकला होता. त्यानेही बघितलं. त्याचं तोंड उघडलं, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. तेलकट हात, पण काढला नाही. दुसऱ्या हाताने चाकू काढला आणि बेगड खरवडली, बूड शर्टाने पुसलं, टोपी ओढून घेतली. बेगडीचे तुकडे चिखलात पायाने दाबले. पुढे उखा इंजिन रेटत होता, त्याला काही दिसलं नाही.

"बोला आता," मी म्हणालो.

दिलवरसिंगने बटण दाबलं. पहिल्याच हाकेला उत्तर आलं. स्वच्छ. उखाने ते ऐकलं आणि "लागनं! लागनं!" करत गाडीतून उडी मारून धावत मागे आला. "सांगा त्यासले, पानी येई ऱ्हायनं!"

दिलवरसिंग सांगत नव्हता, ऐकत होता. मग त्याने कानाचं काढलं आणि मांडीवर ठेवलं. पाणी आलं होतं. तासाभरापूर्वीच आलं होतं. बोरवळची बरीच माणसं टेकडीवर पोचली होती. काही राहिली. चौकीवाल्याने नावं सांगितली होती, त्यात उखाच्या व्याह्यांच्या घरचं एक होतं. पोळ्याचे बैल गोठ्यात बांधलेले होते, ते सोडायला रूपली माघारी फिरली होती.

उखा नदीत शिरला. मी आणि दिलवरसिंगने त्याला धरलं, तो दोघांना ओढत गुडघाभर पाण्यात गेला. शेवटी गावातली माणसं धावून आली, तेव्हा कुठे तो आवरला. चिखलात पडून तो कसा रडला ते मी सांगणार नाही. मला जमत नाही.

संध्याकाळी दिलवरसिंग म्हणाला, "मिस्तरी, वर विचारतील. संच का बोलला नाही? काय सांगू?"

"सांगा, मिस्तरीने काम ढिलं केलं. बैठक सैल होती. पावसात हलली."

"तुमचं नाव जाईल. सरकारी काम पुन्हा मिळणार नाही."

"गेलं खड्ड्यात सरकारी काम," मी म्हणालो. "त्याला खरं कळलं तर तो उद्या तापीत असेल. त्या वेळी धरायला तुम्ही असाल का?"

दिलवरसिंगने मान डोलावली. फौजेतला माणूस, शब्दाला जागला. मरेपर्यंत कुणाला बोलला नाही.

रूपली सापडली नाही. मी तेराव्याला सावळखेड्याला गेलो. जायलाच हवं होतं, नाहीतर लोक म्हणाले असते, तोंड लपवतो. उखा ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली, डोळे खोल. मला बघून उठला आणि सगळ्या सोयऱ्यांसमोर माझी गचांडी धरली.

"काब्र ऊना तू? काय देखाले ऊना? तुन्हा ढिला काममुये मन्ही पोर गयी! तुन्हा हातले किडे पडतीन!"

माझं रक्त कसं असतं ते सांगितलंच आहे. कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. माझं काम ढिलं? मी उभ्या जन्मात ढिला बोल्ट ठेवला नाही रे! जिभेवर आलं होतं. अगदी दातापर्यंत आलं होतं. मी गिळलं.

"हा भाऊ," मी म्हणालो. "मन्हंच चुकनं."

त्याने मला मारलं. मी मारू दिलं. लोकांनी सोडवलं आणि म्हणाले, मिस्तरी, आता निघा.

गावाबाहेर वडाखाली दगूबाई गाठायला आली. धापा टाकत, डोक्यावरचा पदर सरकलेला. "भाऊ," ती म्हणाली, "खरं सांगा. ती बेगड... खळ मीच शिजाडी दिन्ही व्हती. टोपीना खाले लावी त्यासनी, तवय मीच टोक धरं व्हतं. तुमी गाठ सोडी तवय काय दिसनं तुमले?"

"काही नाही वहिनी. कसली बेगड?"

बायकांना काय फसवणार! "तुमी खोटं बोली ऱ्हायनात," ती म्हणाली. मग पदराने तोंड दाबून तिथेच खाली बसली. थोड्या वेळाने उठली, डोळे पुसले. "मी बी नही सांगाव त्यासले."

तेवढंच. आणि ती त्या घरात परत गेली. माझं काय हो, मी गॅरेजमध्ये, त्याच्यापासून दूर. लोकांनी नावं ठेवली, गिऱ्हाईक तुटलं, सरकारी गाड्या दुसऱ्याकडे गेल्या. राग यायचा, रिकाम्या डब्याला लाथ मारायचो, संपलं. तिला मात्र रोज त्याच्या ताटात भाकरी वाढायची होती, तो रोज जेवताना मला शिव्या घालणार आणि ही रोज ऐकणार. रूपली तिचीही होती. कुणाजवळ बोलणार होती ती?

उखाने नोकरी सोडली. बाजाराला यायचा, पण माझ्या दारावरून जाताना थुंकायचा. पोरं मला सांगायची, मिस्तरी, तो बघा थुंकला. मी म्हणायचो, थुंकू दे, आपल्या पाण्याने रस्ता भिजवतोय. आत मात्र वाटायचं, चला, अजून चालतोय, बाजाराला येतोय. खरंच सांगतो, एखाद्या मंगळवारच्या बाजाराला तो दिसला नाही तर मलाच करमायचं नाही.

अशी दहा वर्षं गेली. परवाच्या हिवाळ्यात दगूबाई सर्व्हिस मोटारीने आली आणि गॅरेजच्या दारात उभी राहिली. पार वाकली होती.

"त्यासनी बलावं शे तुमले," ती म्हणाली. "आते काय खरं नही त्यासनं."

मी हात न धुता निघालो. उखा खाटेवर होता, छातीचा पिंजरा झालेला, खोकून खोकून आवाज बसलेला. मी उंबऱ्यातच थांबलो. त्याने हात हलवून जवळ बोलावलं आणि खाटेवर थोपटलं, बस म्हणून. दगूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी.

"दोधू," तो म्हणाला, "मी भलतं बोलनू तुले. लोकेसमोर मारं."

"जाऊ दे रे."

"नही, ऐक. मी जाई ऱ्हायनू. वर रूपली ईचारी, बा, त्या मिस्तरीले माफ कयं का? काय सांगू तिले?" त्याने माझा हात हातात घेतला. तोच हात, ज्याला किडे पडावेत म्हणाला होता. "माफ कयं तुले. मानूसथीन चूक व्हई जास. तू काय मुद्दाम नही कयी."

मी दगूबाईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथेच सगळं फुटलं असतं. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मोठा माणूस असून ढसाढसा रडलो. त्याला वाटलं, सुटलो म्हणून रडतोय. माझ्या डोक्यावरून हात फिरवत तो मलाच समजावत होता.

"रडू नको रे. आते मनमा ठेवू नको."

"नही ठेवाव," मी म्हणालो. "तुन्हा उपकार झाया, भाऊ."